डबीच्या बुडाची दुसरी चकती

सेलू,
१० जुलै १९७८

चि. सौ. प्रभा,

आशीर्वाद आहेतच. तू पाठवलेली कुंकवाची पिशवी समोर ठेवूनच हे लिहितोय, म्हणजे राग थंड व्हायला नको.

कुंकू उत्तम आहे. कागदावर घासून पाहिलं, तो कागद तीन दिवस उन्हात ठेवला, रंग उतरला नाही. वसमतच्या हळदीला तोड नाही आणि तुझ्या हाताला तर नाहीच. पण ते तू ज्यात घालून विकतेस त्याला काय म्हणावं? प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाला टाचणी, आत छापील चिठ्ठी, ती तेलानं भिजून आरपार दिसायला लागलेली. चिठ्ठीवरच्या लक्ष्मीचा एक डोळा ठसा झिजल्यामुळे गेला आहे. एका डोळ्याची लक्ष्मी पूर्ण्याच्या बायका घरात कशी नेतात, मला कळत नाही. उघडताना टाचणी माझ्या अंगठ्याला लागली ती वेगळीच.

तू लिहितेस, "दादा, तुम्हाला डबी जमेल का?" जमेल का, हे विचारायचं नसतं, कधी देता ते विचारायचं. सेलूच्या जिनिंगमधून निघणाऱ्या कापसाच्या गाठींवर जी अक्षरं उमटतात, त्यांचे पत्रे सत्तावीस वर्षं मी कापतोय. सातवीनंतर शाळा पाहिली नाही, कुठल्या चित्रशाळेचा दाखला नाही, कोणाच्या हाताखाली एक दिवस काढला नाही. जे आलं ते बघून आणि मोजून आलं. साबणाचं, पावडरीचं, काजळाचं कुठलंही नवं खोकं बाजारात आलं की मी ते चहाच्या वाफेवर धरून उलगडतो, घडी कुठं, चिकटपट्टी किती रुंद, सगळं वहीत उतरवतो आणि परत जोडून ठेवतो. अशी एकशे बारा खोकी माझ्या माळ्यावर आहेत. एकसुद्धा फाटलेलं नाही.

आता हे कळव. एका डबीत किती तोळे कुंकू बसवायचं? मळायला तेल तिळाचं घेतेस की खोबऱ्याचं? दोन्हींचा डाग निराळा पडतो. बायका कोणतं बोट बुडवतात आणि ते किती जाड असतं? माझं बोट प्रमाण धरता येत नाही. ब्रश धरून धरून त्याला गाठ आली आहे.

काशीनाथ


पूर्णा, रेल्वे क्वार्टर्स
१८ जुलै १९७८

ती. काशीदादांस,
प्रभाचा नमस्कार.

तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "तुझ्या दादाला आमच्या मालगाडीचा ब्रेक दाखव एकदा, तोही वाफेवर धरून उलगडतील." हसत हसत ड्युटीवर गेले. गार्डाची बायको झाल्यापासून पाहते आहे, हे जाताना हसून जातात आणि परत येईपर्यंत सासूबाई कोणाशी नीट बोलत नाहीत. दारातल्या पायरीवर बसून गाड्या मोजतात.

डबीत अडीच तोळे बसावं. तेल तिळाचं, तेही थेंबानं. बोट अनामिका. मापाचं तुम्ही विचारलंत म्हणून कुंकू कुटायला येते त्या सरजाबाईनं शेजारणींची बोटं दोऱ्यानं मोजली. पाच दोरे सोबत आहेत, माप जिथं संपतं तिथं गाठ मारली आहे. सासूबाईंचा दोरा नाही. मामंजी गेल्यापासून त्यांचं बोट त्या कामाला लागत नाही.

आता खरं कारण लिहिते. परभणीचे बन्सीधर शेटजी माझं कुंकू माहूरच्या नवरात्रासाठी न्यायला तयार आहेत. पाचशे नग. पण पिशवीत नको म्हणतात, "पिशवीतलं कुंकू प्रसादाच्या दुकानात कोण घेतंय बाई, डबी करा." पोळ्याच्या आत नमुना पाहिजे, पसंत पडला तर पुढचं. हे झालं तर दादा, माझं काम घराच्या मागच्या पडवीतून बाहेर पडेल. नाही झालं तर सासूबाईंनी सांगून ठेवलंय, उखळ-मुसळ माळ्यावर टाकायचं आणि पुन्हा नाव काढायचं नाही. त्यांचं म्हणणं, कुंकू ही विकायची वस्तू नव्हे. मी म्हणते, मग बायका आणतात कुठून?

सख्खा भाऊ मला नाही. मावसभाऊ असलात तरी तुमच्याशिवाय मी कोणाला विचारणार?

प्रभा


सेलू,
२ ऑगस्ट १९७८

चि. सौ. प्रभा,

आजच्या रजिस्टर पार्सलनं डबी पाठवतोय. उघडण्याआधी हे पत्र वाच, नाहीतर निम्म्या गोष्टी तुझ्या लक्षात यायच्या नाहीत.

डबी गोल आहे. चौकोनी सोपी होती, पण चौकोनाच्या कोपऱ्यात कुंकू दडून बसतं, बोट तिथं जात नाही आणि माल फुकट जातो. माझ्या डबीत बोट पोचणार नाही अशी एक जागासुद्धा नाही. व्यास दोन इंच एक सूत, म्हणजे वर इंचाचा आठवा भाग, उंची पाऊण इंच. दोरे पाचही लावून पाहिले. पुठ्ठा गुंडाळायचा लाकडी साचा आश्रुबा सुताराकडून तीनदा करून घेतला. तिसऱ्यांदा परत केला तेव्हा म्हणाला, "पेंटर, डबी हाय का घड्याळ?" मी म्हटलं, घड्याळ चुकलं तर माणसाला उशीर होतो, डबी चुकली तर लुगड्याला डाग पडतो.

आतून मेणकागद आहे, तेल पुठ्ठ्यात उतरणार नाही. बाहेरच्या लेबलाच्या खळीत मोरचूद आहे, झुरळं कुरतडत नाहीत. आत मात्र फक्त डिंक, कारण मोरचूद विषारी आणि हे कपाळाला लागणार.

रंग हळदीचा घेतला. सगळे लाल करतात. तुझं कुंकू मी नऊ रंगांच्या कागदांवर ठेवून पाहिलं. लालाशेजारी लाल मरतं, पिवळ्यावर ते पेटतं. झाकणावर लक्ष्मी नाही, सिनेमातल्यासारखी बाईही नाही. एक हात आहे, अनामिका पुढं केलेली, जणू आत्ताच कपाळाकडे जाईल. हात माझ्या जुन्या वहीतला आहे. बांगड्या बांगडीवाल्याच्या दुकानासमोर उभं राहून काढल्या, सहा, सारख्या अंतरावर. खाली "प्रभा कुंकू, पूर्णा" एवढंच.

डबी मुद्दाम रिकामी पाठवली आहे, म्हणजे आतलं काम दिसेल. दारातल्या उजेडात धरून बघ.

विद्यापीठाच्या नामांतरावरून जी जाळपोळ चाललीय ती तिकडेही असेलच. इथं बाजार दोन दिवस बंद, एक दिवस उघडा. औरंगाबादहून येणारा माझा पुठ्ठा त्यात अडकलाय. नमुना पसंत असल्याचं लगेच कळव, म्हणजे पुठ्ठा आला त्या तासाला काम धरता येईल.

काशीनाथ


पूर्णा,
९ ऑगस्ट १९७८

ती. दादा,

डबी पोचली. सध्या तिचं राहू द्या. घरात गडबड आहे. सविस्तर मागाहून.

प्रभा


सेलू,
१२ ऑगस्ट १९७८

चि. सौ. प्रभा,

तुझं कार्ड मिळालं. अकरा शब्द आहेत. मोजले.

साचा तीनदा, लेबल सतरा वेळा, झाकण किती वेळा ते लिहीतच नाही. त्याला अकरा शब्द. "चांगली" नाही, "वाईट" नाही. वाईट म्हणाली असतीस तर मी विचारलं असतं कुठं, आणि दुरुस्त केलं असतं. पण "राहू द्या" म्हणजे काय? राहू द्या हे भिकाऱ्याला म्हणतात.

दोन दिवस विचार केला. मला वाटतं झाकण घट्ट होतं. पुठ्ठा दमट हवेत फुगतो हे मी धरलं होतं, पण पूर्ण्याला नदीमुळे हवा आणखी दमट असणार, हे धरायला हवं होतं. ती चूक माझी. की दिनकररावांना पिवळा पटला नाही? त्यांचा सगळा जन्म गार्डाच्या लाल-हिरव्या झेंड्यांत गेला. हिरव्याशी माझं भांडण नाही, पण हिरव्या डबीतलं कुंकू मिरचीच्या भुकटीसारखं दिसेल, हे त्यांना माझ्या नावानं सांग. की बन्सीधर शेटजींनी दुसऱ्या कोणाकडून करून घेतलं? तसं असेल तर सरळ लिही. मी चिडणार नाही. म्हणजे चिडेन, पण पत्रातून चिडेन.

तू राहू द्या म्हणालीस म्हणूनच दुसरी पाठवतोय. पोस्टाचा भरवसा उरला नाही, म्हणून पूर्ण्याला जाणाऱ्या एका फिटरच्या हाती देतो. उद्या मिळेल. झाकण अर्ध्या सुतानं सैल केलंय, एका हातानं उघडतं. आतला मेणकागद बदलून पांढरा घेतला. हीदेखील रिकामीच आहे. पांढरं काम रिकाम्या डबीतच खुलून दिसतं. आत बघ, धुळीचा कण सापडणार नाही.

पोळ्याला तीन आठवडे उरले. मला रात्रीची झोप नाही. तुला आहे का?

काशीनाथ


पूर्णा, रेल्वे क्वार्टर
१४ ऑगस्ट

काशीनाथ भाऊला दिनकरची आई कस्तुराबाई सांगायली आन् शेजारचा मुंजाजी पॉइंट्समन लिहायलाय. सून घरात न्हाई, नळावर गेलीय. तिला ह्यातलं म्हाईत न्हाई.

भाऊ, दिनकर शनवारी ड्युटीवर गेला. मंगळवारी त्याची गाडी आली, दुसऱ्याच गार्डासंगं. दिनकर न्हाई. ठेसनात इचारलं तर म्हणत्यात, त्यानं मधल्या ठेसनाला ड्युटी उतरून दिली, फुडचं आमाला म्हाईत न्हाई. गाडी कुठं हाय ते समद्याला म्हाईत, माणूस कुठं हाय ते कुणालाच न्हाई. गावोगाव काय चाललंय तुमी पेपरात वाचत असताल. आमी हितं दारात बसून ऐकायलोत.

त्याच मंगळवारी दुपारी तुमचं पार्सल आलं. म्या म्हनलं, सुनंच्या म्हायेरचं हाय, श्रावण हाय, भावानं काय धाडलं आसंल. म्याच उघडलं. कुंकवाचा करंडा. रिकामा.

सवाष्ण बहिणीला भावानं रिकामा करंडा धाडला. तुमाला इंच कळतंय, सूत कळतंय, समदं कळतंय म्हणं. ह्ये कुणी सांगितलं न्हाई का? आमच्यात करंडा कधी तळाला जाऊ देत न्हाईत. बोटभर हाय तवरच वरून दुसरं घालत्यात. सरलं हा शब्द कुंकवाला काढत न्हाईत, वाढलं म्हणत्यात. माझा करंडा ज्या दिवशी रिकामा झाला तो दिवस मला म्हाईत हाय, तुमी मला शिकवू नका.

पैली डबी म्या चुलीत घातली. पुठ्ठा लय चांगला हाय, लवकर पेटला न्हाई.

आन् काल दुसरी आली. तीबी रिकामी. तुमच्या बहिणीनं ती पदराखाली धरली आन् न्हाणीत जाऊन बसली. माझ्याफुडं रडली न्हाई, पर तोंड धुऊन आली.

तिच्या शेटजीचं काय व्हायचं ते होऊ द्या. तुमच्या डबीत भरून माझ्या घरचं कुंकू भाईर जाणार न्हाई. तिसरी धाडू नका.

कस्तुराबाई

(मी मुंजाजी. बाईंनी सांगितलं तसं लिहिलं. दोन-तीन शब्द लय कडक होते ते गाळले. दिनकरराव सापडतील, आमची मंडळी ठेसनाठेसनावर विचारायलीत. डबी मी पाहिली. डबी चांगली आहे.)


पूर्णा,
१७ ऑगस्ट १९७८

ती. काशीदादांस नमस्कार.

हे काल दुपारी आले. चालत आले. पायात एकच वहाण होती, दुसरी तुटली म्हणून हातात. सासूबाई पायरीवरून उठल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "गाडी सोडून चालत यायचं कुठल्या गार्डाला सांगितलंय?"

झालं ते असं. ड्युटीचे तास भरल्यावर यांनी मधल्या स्टेशनात गाडी दुसऱ्या गार्डाच्या ताब्यात दिली. स्टेशनामागं लिंबाखाली दोन घरची सात माणसं बसलेली होती, अंगावरच्या कपड्यानिशी गाव सोडून आलेली. घरं जाळली होती. पुढच्या गावाला पाहुण्यांकडे जायचं होतं आणि वाटेनं जायची छाती होत नव्हती. यांच्या अंगावर गार्डाचा पांढरा गणवेश, हातात झेंड्या. म्हणाले, "मला बघून निदान सरकारी माणूस आहे म्हणून अंगावर येणारे थांबतील." सातजणांना घेऊन शेतातल्या वाटेनं गेले. पाहुण्यांचं गावही धड राहिलं नव्हतं, मग आणखी पुढं. लहान मुलं होती, दिवसाला दोन-तीन कोस. कुठलं गाव, कोण माणसं, ते पत्रात लिहीत नाही. यांना ऑफिसात जाब द्यावा लागेल तो वेगळा. सरजाबाईही पंधरा दिवस कामाला आलेली नाही, तिच्या भावाच्या गावाकडंही तसंच झालंय म्हणतात.

सासूबाईंनी तुम्हाला पत्र धाडल्याचं मुंजाजीनं आज सांगितलं. मला वाईट वाटलं, पण त्यांनी खोटं काही लिहिलं नसणार. मीच तुम्हाला कळवायला हवं होतं. कार्ड घेऊन बसले होते. "डबी रिकामी का पाठवली" एवढं लिहायचं होतं, आणि तेवढंच लिहवेना. लिहिलं असतं तर ते खरं होईल असं वाटत होतं.

आता माणूस घरी आला, तरी सासूबाईंचा शब्द तोच आहे. म्हणतात, "माणूस देवानं दिला, डबी तुझ्या भावानं दिली. दोन्हीचा काय संबंध?" शेटजींचा परवा निरोप होता, नमुना कुठं आहे म्हणून. दुसरी डबी माझ्या ट्रंकेत आहे, कुंकवानं भरून ठेवली आहे. दाखवायला काढता येत नाही. काय करू, पिशवीच पाठवू?

डबीचं एक सांगते, रागावू नका. बांगड्या अशा सारख्या अंतरावर राहत नाहीत. हात पुढं केला की त्या खाली उतरून मनगटाच्या हाडाशी एकमेकींना चिकटतात. तुमच्या चित्रात त्या हातात भरल्यासारख्या नाहीत, वरून ठेवल्यासारख्या दिसतात.

आणि दादा, एक विचारते. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?

उद्या राखी. सोबत ठेवली आहे.

प्रभा


सेलू,
२७ ऑगस्ट १९७८

चि. सौ. प्रभा,

राखी बांधली आहे. स्वतःच बांधली, दातात दोरा धरून, म्हणून गाठ वाकडी आहे.

दहा दिवस उत्तर दिलं नाही. चार वेळा लिहायला घेतलं आणि चारही वेळा पत्र डबीच्या मापांवर गेलं, म्हणून फाडलं.

नव्हतं माहीत. तू विचारलंस म्हणून सांगतो, नाहीतर सांगितलं नसतं. वडील गेले तेव्हा मी पाळण्यात होतो. आमच्या घरात करंडा नव्हताच, भरलेला नाही आणि रिकामाही नाही. कोनाड्यात कंगवा होता, खोबरेल होतं, आरसा होता, तो आई भिंतीकडे तोंड करून ठेवायची. लग्न मी केलं नाही. बायकांच्या हळदीकुंकवाला पुरुषाला कोण उभं करतं? कुंकवाची डबी मी दुकानाच्या काचेतून पाहिली, उलगडून पाहिली, मोजून पाहिली. एकशे बारा खोक्यांत कुंकवाच्या डब्या एकोणीस आहेत. एकोणीसही रिकाम्या, माळ्यावर ओळीनं मांडलेल्या. तुझ्या सासूबाईंचं पत्र आल्यावर वर चढलो आणि त्यांच्याकडे बघत बसलो. कोणाकडून शिकलो नाही असं मी आयुष्यभर छाती काढून सांगितलं. पण कोणाकडून शिकलो नाही म्हणजे कोणी सांगायलाही नव्हतं, हे कधी मोजलं नाही.

आणि तुम्ही गाड्या मोजत बसला होता तेव्हा मी तुला झाकणाच्या अर्ध्या सुताबद्दल लिहीत होतो. पुठ्ठा अडकला म्हणून कुरकुरत होतो. दिनकररावांना माझा नमस्कार सांग. त्यांच्या वहाणेचं माप दोऱ्यानं घेऊन पाठव. इथं चांगला चांभार आहे.

आता पुढचं. शनिवारच्या बाजारात गेलो. कडूबाई म्हणून एक म्हातारी परातीत कुंकू मांडून बसते. मी म्हटलं, कुंकू द्या. ती म्हणाली, "हात आणा." माझ्या अंगठ्याच्या नखावर तिनं चिमूट घासली, उन्हात धरली. "कुणासाठी?" म्हटलं, बहिणीसाठी. "मग डबी आणलाव का कागदात बांधू?" खिशातून डबी काढून पुढं केली. तिनं आत पाहिलं, जिभेनं च्च केलं आणि आधी एक चिमूट टाकून मगच मापानं भरायला लागली. विचारलं, ती चिमूट कशाची? म्हणाली, "रिकाम्यात माप घालत न्हाईत, पेंटर. आधी भरलेली करायची, मग भरायची." सेचाळीस वर्षांचा झालो, कुंकू पहिल्यांदा विकत घेतलं.

घरी आलो आणि डबीचं बूड बदललं. आता तळाला दोन चकत्या आहेत. खालची आख्खी, वरची जाड, मधोमध दोन सुतांचं भोक पाडलेली. दोन सुतांच्या भोकात कोणाचंही बोट जात नाही, तुझे पाचही दोरे लावून पाहिले. वरचं कुंकू वापरून होईल, पण त्या भोकातली चिमूट बोटाला लागणार नाही. तेवढी राहणारच. पहिल्या डबीच्या पत्रात मी मिरवलं होतं की बोट पोचणार नाही अशी एक जागा माझ्या डबीत नाही. आता आहे. मुद्दाम केली आहे.

डबी भरून पाठवतोय. पार्सल माळ्यावरून तीनदा खाली टाकून पाहिलं, सांडत नाही. सासूबाईंनीच उघडावी.

बांगड्यांचं तुझं म्हणणं बरोबर आहे. हात वहीतला आहे असं लिहिलं होतं. वही जुनी, हात आईचा. ती जात्याजवळ बसल्या बसल्या डुलकी घेत असताना काढला होता. मला जवळून बघता आला असा बाईचा हात तेवढाच. त्याला बांगड्या मी नंतर दुकानात बघून चढवल्या. चढवल्या म्हणजे वरून काढल्या, ते दिसणारच. आता लक्षात येतंय, कुंकवाच्या डबीवर तो हात चालायचा नाही. दुसरा काढून देतो. सासूबाईंना हे सांगायची गरज नाही.

पोळ्याला सहा दिवस आहेत.

काशीनाथ


पूर्णा,
३ सप्टेंबर १९७८

ती. काशीदादांस नमस्कार.

पार्सल गुरुवारी आलं. मी ते सासूबाईंपुढं ठेवलं आणि पडवीत जाऊन उभी राहिले. डोकावले तर डबी उघडून त्या कुंकवाकडे नुसत्या बघत होत्या. मग मला हाक मारली. परातीत सगळं कुंकू ओतायला लावलं, डबी उलटी करून बुडावर थाप मारली, पुन्हा सुलटी केली. भोकात लाल दिसत होतं. माझं बोट घालून बघायला लावलं, नाही गेलं. शेजारच्या दोघींना बोलावून त्यांचीही बोटं घालून बघितली. मग डोक्याचा आकडा काढला आणि टोचून ती चिमूट बाहेर काढली.

म्हणाल्या, "आकड्यानं निघतंय, सांग तुझ्या भावाला."

त्यांनी परातीतली चिमूट घेतली, भोकात घातली, आणि वर सगळं भरायला माझ्याकडे दिलं. अंगठा पदराला पुसला. मामंजी गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या बोटाला कुंकू लागलं.

डबी घेऊन हे स्वतः परभणीला गेले. जाबाचं उत्तर द्यायला जायचंच होतं. शेटजींनी झाकण चार वेळा उघडलं-लावलं, बुडाचं भोक यांनी समजावून सांगितलं तेव्हा दुकानातल्या बायकांना हाक मारून दाखवलं. पाचशे पक्के. घटस्थापनेच्या आठ दिवस आधी भरून पोचवायच्या. सरजाबाई परवा आली. भावाची माणसं तिच्याकडेच आहेत, तिची भावजयही कुटायला बसते. उखळ आता पडवीत नाही, ओसरीवर आहे. सासूबाईंनीच हलवायला लावलं, म्हणाल्या आत आवाज घुमतो.

आता हाताचं. मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं, तुमची शपथ. काल दुपारी ट्रंकेतल्या दुसऱ्या डबीचं झाकण हातात घेऊन त्या बसल्या होत्या. चष्मा लावला, काढला, परत लावला. म्हणाल्या, "हात कामाचा हाय." थोड्या वेळानं म्हणाल्या, "ह्या हाताला लय वर्सात बांगडी न्हाई." मावशी माझ्या लग्नात भटारखान्यातून बाहेर आली नव्हती, ते मला आठवत होतं. मी म्हटलं, दादा दुसरा हात काढून देणार आहेत.

त्यांनी झाकण डबीला लावलं. स्वतःच्या मनगटाकडे बघितलं असं मला वाटलं, पण खात्री नाही.

म्हणाल्या, "कशाला दुसरा? हाच राहू दे म्हणावं. बांगड्या तेवढ्या नीट भर."

प्रभा

ता. क. बुडात घालायला शेरभर कुंकू मुंजाजीच्या हाती धाडते आहे.


सेलू,
१८ सप्टेंबर १९७८

चि. सौ. प्रभा,

पाचशे डब्या चार खोक्यांत आजच्या गाडीनं पाठवल्या. पाच जास्त आहेत, वाटेत चेपल्या तर असाव्यात म्हणून. प्रत्येकीच्या बुडाच्या भोकात चिमूट मी स्वतः घातली आहे. दोन दिवस लागले, बोटांचा रंग अजून गेला नाही. रिकामी एकही येणार नाही, मोजून घे. माळ्यावरच्या एकोणीसांतही घातली.

आकड्यानं निघतं हे बरोबर आहे. त्यावर उपाय नाही, तसं सांग.

बांगड्या नव्यानं भरल्या आहेत. मनगटाच्या हाडाशी उतरलेल्या, एकीला एक लागून. तुझ्या सासूबाईंना दाखव. सैल वाटल्या तर कळवायला सांग.

काशीनाथ